टरेट थरथरतो म्हणून मोटार बदलू नकोस

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलानं वायपर मोटारींवर चालणारा चारचाकी रोबो बनवलाय. त्यावर पेंटबॉलचा मार्कर, म्हणजे हवेच्या दाबानं रंगाचे चेंडू सोडणारी खेळातली बंदूक, बसवलाय. तो आडवा फिरवायला एक आणि वर-खाली करायला एक असे दोन एमजी ९९५ सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या छोट्या मोटारी, लावलेत. मार्कर धरून फिरणारा हा सगळा भाग म्हणजे टरेट. हवेची टाकी मार्करच्या मागं, चेंडूंचा हॉपर डोक्यावर. टरेट वळून थांबला की थरथरतो, १५ मीटरवर चेंडू दाराएवढ्या जागेत पसरतात, आणि सगळं चालवणारा आर्डुइनो हा छोटा कंट्रोल बोर्ड मधेच रीसेट होतो. त्याला विचारायचंय की ३५ किलो जोराचे सर्व्हो घेऊ की ठरावीक पावलांनी फिरणारी स्टेपर मोटार? गॅस उद्यमनगरात मिग वेल्डिंगच्या सिलिंडरमधून भरून मिळेल का? आणि पुढं कॅमेरा लावून नेम आपोआप धरता येईल का?

वयानं माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून एकेरीच लिहितो. शिवाजी उद्यमनगरात माझं तीस वर्षं एसपीएमचं वर्कशॉप आहे. एसपीएम म्हणजे एकाच कामासाठी बांधून द्यायची मशीन. पेंटबॉलचे टरेट मी तीन बांधले. दोन पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका खेळाच्या मैदानासाठी, तिसरा पुतण्याच्या कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी. पहिल्या टरेटमध्ये मी जवळजवळ तुझ्याच चुका केल्या होत्या, त्यामुळं तुझं वर्णन वाचताना ते मशीन पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

तुझा प्रश्न मोटारीचा नाही, तोलाचा आहे. मोटारीचं काम नेम धरायचं. तुझ्या मोटारीचा सगळा जीव वजन धरून ठेवण्यात जातोय. तू ३५ किलोचा सर्व्हो आणलास तर तो मार्कर उचलेल, पण थरथर जाणार नाही. उलट जोर वाढल्यामुळं जास्त जोरात थरथरेल.

आकडे मांडून बघू. मार्कर दीड किलोच्या आसपास, हॉपर आणि त्यातले २०० चेंडू मिळून पाऊण किलोच्या वर. दोन्ही मिळून २.४ किलो धर. तू पाठवलेल्या फोटोत वर-खाली फिरणारा आस मार्करच्या मुठीपाशी आहे आणि वजनाचा मध्य त्याच्या पुढं, अंदाजे १२ सेंटीमीटरवर दिसतो. म्हणजे नुसतं आडवं धरून ठेवायला जवळजवळ २९ किलो-सेंटीमीटर जोर लागतो. एमजी ९९५ जास्तीत जास्त दहा-अकरा देतो, तेही अडकून थांबलेला असताना. तो बिचारा सतत हरतोय. आता तोच आस मार्करच्या पोटाखाली सरकवून वजनाच्या मध्यापासून एका सेंटीमीटरवर आणलास, तर लागणारा जोर २.४ वर येतो. एक भोक दुसऱ्या जागी पाडून काम बाराव्या हिश्श्यावर येतं. मोटारीचे पैसे खर्च करायच्या आधी हे भोक पाड.

मर्दानी खेळात लाठी फिरवणाऱ्याला बघितलं असशील. लाठी मधे धरली की दहा-बारा वर्षांचं पोरही गरागरा फिरवतं. तीच लाठी टोकाला धरून फिरवायला आणि फिरवून जागच्या जागी थांबवायला मनगट लागतं. लाठीचं वजन तेवढंच असतं, धरायची जागा बदलते. तुझ्या मार्करच्या मागं सव्वा किलोच्या वरची टाकी लोंबतेय, ती टोकाला धरलेली लाठी आहे. मी हिशेब केला. नुसता मार्कर आणि हॉपर वळवायला जेवढी जडता सोसावी लागते, जवळजवळ तेवढीच एकटी टाकी वाढवते, कारण ती आसापासून पाव मीटर लांब आहे. जडतेत अंतराचा वर्ग येतो, हे तुला कॉलेजात शिकवलंच आहे. म्हणून टाकी टरेटवर ठेवायचीच नाही. ती खाली चासिसमध्ये, दोन चाकांच्या मधे आडवी बांध आणि तिथून रिमोट लाइननं, म्हणजे लवचिक होजपाइपनं, हवा वर आण. टरेट हलका होतो आणि खालचं वजन वाढून गाडी स्थिर होते. दोन्ही कामं एकाच फेरबदलात होतात.

फक्त त्या लाइनीचं एक ध्यानात ठेव. गुंडाळीची लाइन दाब नसताना मऊ असते, पण ५०-५५ बार हवा आत आली की स्प्रिंगसारखी ताठ होते आणि टरेटला एका बाजूला ओढत राहते. आमच्या दुसऱ्या टरेटमध्ये नेम कायम डावीकडं जायचा. आम्ही दोन दिवस प्रोग्रॅम तपासत बसलो होतो आणि दोष निघाला लाइनीत. लाइन फिरण्याच्या आसाच्या मधूनच वर आण, पोकळ पाइपातून. ती पिळली जाईल, पण बाजूला ओढणार नाही. पूर्ण ३६० अंश फिरवायचा हट्ट सोड. दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे अंश पुरे आहेत आणि त्याच्या पुढं लोखंडाचा पक्का अडथळा लाव. टोकाला मोटार बंद करणाऱ्या नुसत्या लिमिट स्विचवर विसंबू नकोस.

हॉपरचं प्रकरण वेगळं आहे. एक चेंडू साधारण ३ ग्रॅमचा, व्यास .६८ इंच, म्हणजे १७ मिलिमीटरच्या थोडा वर. २०० चेंडू म्हणजे ६०० ग्रॅम. खेळ सुरू झाल्यापासून हे वजन कमी कमी होत जातं. सकाळी भरलेल्या हॉपरवर तोल साधलास तर संपत येताना टरेट दुसरीकडं झुकणार. यावर उपाय एकच: हॉपरचा मध्य वर-खालच्या आसाच्या बरोबर वर यायला हवा. मग वजन कमी झालं तरी आडव्या स्थितीतला तोल हलत नाही. मार्करच्या ज्या तोंडातून चेंडू आत जातो, त्याच्या जरा मागून आस घेतला की हे बहुतेक जमतं. शिवाय नुसत्या गुरुत्वानं चेंडू पडणारा हॉपर असेल तर नळी ३० अंशांच्या वर किंवा खाली गेली की चेंडू नीट पडत नाहीत आणि अर्धवट आत आलेला चेंडू बोल्टखाली, म्हणजे चेंडू पुढं ढकलणाऱ्या दट्ट्याखाली, चिरडतो. वर ३० आणि खाली १० अंश, एवढंच ठेव. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर मोटारीचा हॉपर घ्यावा लागेल.

तोल शून्यावर आणायचा नाही, हे मात्र मी मुद्दाम सांगतो. जुन्या तोफा बघ. दोन्ही अंगांना बाहेर आलेले जे खुंट असतात, ज्यांच्यावर तोफ वर-खाली होते, ते वजनाच्या मध्याच्या किंचित पुढं असतात. म्हणजे तोफेची मागची बाजू थोडी जड राहते आणि ती आपल्या भारानं खालच्या पाचरीवर टेकून राहते. तोफ डुलत नाही. आपल्याला तेच करायचंय. एका सेंटीमीटरचा फरक मी वर धरला तो यासाठीच. मागची बाजू जरा जड ठेवलीस की गिअरच्या दात्यांमधली ढिलाई कायम एकाच अंगाला दाबलेली राहते. दाते मोकळे खडखडत नाहीत. पैसा न घालता बॅकलॅश गेला. हे मला कोणी शिकवलं नाही. वर-खालच्या आसाचा वॉशर चुकून एका बाजूला जास्त पडला आणि टरेट अचानक शांत झाला, तेव्हा कळलं.

आडव्या फिरण्यात गुरुत्वाची ही मदत मिळत नाही. तिथं दुसरीच चूक आहे. तू सगळं वजन सर्व्होच्या छोट्या दांड्यावर उभं केलंयस. सर्व्होचा दांडा फिरवण्यासाठी असतो, भार सोसण्यासाठी नाही. बेअरिंग वेगळं हवं. त्यासाठी महागडं काही नको. मोटारसायकलच्या हँडलचा कोनसेट घे. कोणत्याही गॅरेजात जुना मिळतो, नवासुद्धा स्वस्त आहे. वरून पडणारा भार आणि बाजूचा हिसका दोन्ही तो सोसतो, आणि वरचं नट आवळून ढिलाई पूर्ण काढता येते. रस्त्यावरच्या खड्ड्यांत तो वर्षानुवर्षं टिकतो, तुझा अडीच किलोचा टरेट त्याला काहीच नाही. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर दोन वाट्या बसतील असं घर अर्ध्या तासात टर्न करून देतील. सोबत कोनसेट घेऊन जा, नुसतं चित्र नेऊ नकोस. वाट्यांचं माप प्रत्यक्ष घेऊनच घर कापायला सांग.

आता ढिलाईचा हिशेब. एका अंशाची ढिलाई १५ मीटरवर २६ सेंटीमीटर होते. सर्व्होचा आर्म बोटानं धरून हलव, तुला ती जाणवेल. मोजायची असेल तर नळीवर लेसर पॉइंटर बांध, पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाड आणि टरेट हातानं हलकेच दोन्हीकडं ढकल. ठिपका ८-९ सेंटीमीटर सरकला तर एक अंश. पहिल्या टरेटला मी हे केलं तेव्हा ठिपका १५ सेंटीमीटर सरकला होता. त्या आधी महिनाभर मी मार्कर बदलत होतो.

मोटारीबद्दल माझं मत: आडव्या आसाला १२ व्होल्टची एनकोडरवाली (म्हणजे आपलं फिरणं मोजणारी) गिअर डीसी मोटार आणि मधे एचटीडी ५ एम दातेरी पट्टा, एकास चारच्या प्रमाणात. पट्टा ताणलेला असेल तर त्याला ढिलाई जवळजवळ नसते. स्टेपर वाईट नाही, पण हिसका बसून पावलं चुकली तर त्याला ते कळत नाही आणि नेम गुपचूप सरकतो. मी कुठलीही मोटार लावली तरी कोन मोजणारा सेन्सर मोटारीवर न लावता थेट टरेटच्या आसावर लावतो. एएस ५६०० ही चुंबकावर चालणारी छोटी चिप एका फेरीचे ४०९६ भाग करते, म्हणजे एका भागाला ०.०९ अंशाच्या आत. १५ मीटरवर ते दोन-अडीच सेंटीमीटर झाले. आपल्या खेळाला एवढं भरपूर आहे. सेन्सर आसावर असला की मधल्या गिअरची, पट्ट्याची सगळी ढिलाई मोजण्याच्या आत येते. मोटारीवर असला तर मोटार बरोबर जागी आहे एवढंच कळतं, नळी कुठं आहे ते कळत नाही. वर-खालच्या आसाला तोल साधल्यावर तुझा आहे तोच सर्व्हो कदाचित पुरेल. आधी लावून बघ.

मात्र सगळं बांधून झाल्यावरही चेंडू एका बिंदूवर पडणार नाहीत, हे आधीच मनाशी धर. पेंटबॉल म्हणजे जिलेटिनच्या कवचात भरलेला, पाण्यानं धुऊन जाणारा रंग. मुळात झाडांवर आणि जनावरांवर लांबून खूण करायला हे मार्कर निघाले. खेळ म्हणून १९८१ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये बारा जणांनी पहिल्यांदा वापरले. चेंडू अगदी गोल नसतो, आतला रंग हलतो, आणि साध्या नळीत त्याला फिरकी मिळत नाही. मैदानावर वेग साधारण २८० फूट प्रतिसेकंदावर बांधलेला असतो, म्हणजे ८५ मीटर. एवढ्या वेगानंही १५ मीटर जायला साधारण ०.२ सेकंद लागतो आणि तोवर चेंडू वीतभर खाली येतो. म्हणून लेसरचा ठिपका आणि रंगाचा डाग एकाच जागी येणार नाहीत. दोन्हींतला फरक मोजून कायमचा प्रोग्रॅममध्ये टाकायचा.

दोष कशात आहे हे ओळखायची माझी पद्धत तीन कागदांची आहे. पहिल्या वेळी मार्कर टरेटवरून काढ, बाकावरच्या व्हाइसमध्ये घट्ट आवळ, १५ मीटरवर मोठा कागद लाव आणि दहा चेंडू टाक. जेवढा पसारा दिसेल तो मार्करचा आणि चेंडूंचा. तू काहीही केलंस तरी त्याच्यापेक्षा लहान होणार नाही. दुसऱ्या वेळी मार्कर टरेटवर बसव, टरेट न हलवता दहा टाक. पसारा वाढला तर ढिलाई किंवा चासिसचं डोलणं. तिसऱ्या वेळी प्रत्येक चेंडूआधी टरेट दुसरीकडं वळवून परत आण. इथं वाढला तर सेन्सर, मोटार, प्रोग्रॅम. तीनही कागदांवर तारीख आणि हॉपरमध्ये चेंडू किती होते ते लिहून ठेव. हा एक रविवार घालवलास तर पुढचे दोन महिने वाचतील.

चासिसचं थोडक्यात. चेंडूच्या झटक्याची भीती बाळगू नकोस. सेकंदाला आठ चेंडू सोडले तरी सरासरी धक्का पाव किलो वजनाच्याही आत असतो. डोलायला लावतो तो मार्करच्या आतला हातोडा, जो पुढं-मागं आपटतो, आणि त्याला साथ देतात हवेची चाकं. भरीव रबराची चाकं लाव, चाकांमधलं आडवं अंतर टरेटच्या उंचीपेक्षा कमी ठेवू नकोस. खासबागेतला पैलवान ठाण मांडताना पाय फाकवून कंबर खाली घेतो, तसं. आणि चालता चालता चेंडू सोडू नकोस. थांबायचं, अर्धा सेकंद स्थिर व्हायचं, मग सोडायचा.

आर्डुइनो रीसेट होण्याचं कारण जवळजवळ नक्की हे आहे की एकाच बॅटरीवरून सगळं चालतंय आणि सर्व्होचे पाच व्होल्ट आर्डुइनोच्याच पिनेवरून घेतलेत. वायपर मोटार सुरू होताना आणि अडकताना खूप करंट ओढते, ७ एएचच्या बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो, आणि आर्डुइनो झोपतो. कंट्रोलला वेगळी छोटी बॅटरी दे. सर्व्होला वेगळा, पाच अँपिअर झेपेल असा, व्होल्टेज उतरवून देणारा बक कन्व्हर्टर दे. सगळ्यांची मायनस एकाच बोल्टवर आण, तिथून फाटे काढ. मोटारीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर कर. ट्रिगरला सोलेनॉइड असेल तर त्याच्यावर उलटा डायोड विसरू नकोस. एवढ्यानं बहुतेक थांबतं.

गॅसबद्दल मात्र मी सावकाश लिहिणार आहे, आणि तू ते दोनदा वाच.

मिगच्या सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड भरून घेऊ नकोस. उद्यमनगरात सिलिंडर आहेत, नळ्या आहेत, हुशार हातही आहेत, म्हणून ते सहज होईल असं वाटतं. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि तो दाब बघून भरायचा नसतो, वजन करून भरायचा असतो. टाकीत मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या दोन-तृतीयांशाइतकाच. वर रिकामी जागा राहिलीच पाहिजे. २० अंशांना आतला दाब ५७ बारच्या आसपास असतो. ३१ अंशांच्या वर हा गॅस द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा त्याच्या वर असतोच. टाकी जास्त भरलेली असेल आणि गच्चीवर किंवा बंद गाडीत राहिली, तर दाब झपाट्यानं चढतो. दुसरं असं की टाकी तिरकी झाली की द्रव थेट मार्करमध्ये शिरतो आणि आतली सीलं गोठवतो. सतत हलणाऱ्या टरेटवर हे होणारच. म्हणून माझा सल्ला हवेचाच. उच्च दाबाच्या हवेची टाकी, जिच्या तोंडावर रेग्युलेटर असतो. आत २०७ किंवा ३१० बार, बाहेर ५५-५८ बार. ती तिरकी करा, उलटी करा, फरक पडत नाही.

ही टाकी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं भरत नाही. तो आठ-दहा बारचा असतो. ज्या मैदानाकडं पेंटबॉल चालतो तिथूनच भरून घे. आणि गॅस कटिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन कधीही, कुठल्याही कारणानं मार्करच्या टाकीत घालायचा नाही. तेलाचा एक थेंब आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर आग लागते, स्फोट होतो. टाकी घेताना तिच्यावर ठोकलेली चाचणीची तारीख बघ. साधारण पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते. आपल्याकडं सिलिंडरची मान्यता पेसो ही स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था देते, तिचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. मान्यता नसलेली टाकी स्वस्तात मिळाली तरी सोड.

आणखी एक बारकी सवय लावून घे. टाकीच्या गळ्यात व्हॉल्व्ह बसतो तिथं, टाकीवरून व्हॉल्व्हवर जाणारी एक सरळ रेघ नेलपॉलिशनं ओढ. टाकी काढताना कधी कधी ती जोडाऐवजी व्हॉल्व्हपासूनच फिरून सुटायला लागते. तशी सुटली तर ती बाटली उडते, आणि अशानं माणसं मेलेली आहेत. रेघ तुटलेली दिसली की हात काढायचा, कोणालाही जवळ येऊ द्यायचं नाही.

आता थांबवण्याचं. हे मी आमच्याकडं घडलेलं सांगतो. दुसऱ्या टरेटची चाचणी चालू होती. पुतण्याच्या हातात रिमोट, आम्ही चौघं मागं. रिमोटची बॅटरी संपली. रिसीव्हरला सिग्नल मिळेना, तेव्हा त्यानं शेवटचा मिळालेला हुकूम धरून ठेवला. तो हुकूम होता ‘डावीकडं वळ आणि सोड’. टरेट वळत वळत चेंडू सोडत आमच्याकडं यायला लागला. लोखंडी अडथळा होता म्हणून ९० अंशांवर अडकला, नाहीतर पुढचे चेंडू आमच्या तोंडावर होते. मास्क होते, पण दोघांनी ते कपाळावर सरकवले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. चेंडूत बारा जूलपर्यंत ऊर्जा असते, कपड्यावर बसला तर काळानिळा डाग पडतो, डोळ्यावर बसला तर डोळा जातो.

तेव्हापासून मी रोबोला चालायला शिकवायच्या आधी थांबायला शिकवतो. रिसीव्हरचं फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते, ‘सगळं बंद’ असं बसवायचं आणि रिमोट बंद करून प्रत्यक्ष तपासायचं. प्रोग्रॅममध्ये ३०० मिलिसेकंद हुकूम आला नाही तर सगळं थांबवणारा वॉचडॉग हवा. ट्रिगरची वायर अशा रिलेतून न्यायची जो वीज असेल तेव्हाच जोडला जातो, म्हणजे काहीही बिघडलं तरी ट्रिगर सुटा राहतो. रिमोटवर एक बटण असं ठेव की ते दाबून धरलं तरच चेंडू सुटेल, बोट उचललं की बंद. रोबोच्या पाठीवर लाल मशरूम बटण हवं, आपण मशीनवर लावतो तेच. ते मोटारींची आणि ट्रिगरची वीज प्रत्यक्ष तोडणारं हवं, नुसता आर्डुइनोला निरोप देणारं नको. शेजारीच हवेचा ऑन-ऑफ व्हॉल्व्ह. रोबोजवळ जाण्याआधी तो बंद, लाइनमधली हवा सोडलेली, नळीवर पिशवी चढवलेली. एएसटीएम एफ १७७६ हे मानक लिहिलेले मास्क आवारातल्या प्रत्येकाला, बघायला आलेल्यालाही. वेल्डिंगचा गॉगल चालत नाही, क्रिकेटचं हेल्मेट चालत नाही.

कॅमेऱ्याचं उत्तर यातूनच येतं. कॅमेरा लाव, रंगीत पाटी ओळखून टरेट तिच्याकडं वळेल एवढं कर. शिकायला ते उत्तम आहे आणि मला स्वतःला ते काम फार आवडतं. पण चेंडू सोडायचा तो माणसाच्याच बोटानं. आणि माणूस ओळखून त्याच्याकडं वळणारा प्रोग्रॅम लिहायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. प्रदर्शनात लहान मुलं मधे येतात.

आणखी एक, मार्कर नवीन मागवण्याआधी एखाद्या मैदानाच्या मालकाला भेट. बिलासकट असलेला जुना मार्कर भाड्यानं मिळतो, आणि चेंडूंचा वेग मोजायचा क्रोनोग्राफही त्याच्याकडं असतो. लांबून ही वस्तू बंदुकीसारखी दिसते. ती राजारामपुरीतून दुचाकीवर उघडी नेऊ नकोस. बंद पिशवीतून ने, कॉलेजचं लेखी पत्र सोबत ठेव, आणि चाचणीच्या जागेजवळच्या पोलीस ठाण्याला आधी सांग.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. तुझा रोबो हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर चालणार असेल तर चाकांचं मी म्हटलं तेवढं मनावर घेऊ नकोस. मातीच्या मैदानावर असेल तर धूळ कोनसेटमध्ये जाऊ नये म्हणून रबरी बूट लाव. पैसे फारच कमी असतील तर आधी मार्करच्या जागी तेवढ्याच वजनाचा लाकडी ठोकळा आणि लेसर लावून पूर्ण टरेट जुळवून घे. मी अजूनही तसंच सुरू करतो. हवा सगळ्यात शेवटी येते. आणि हे काम पावसाळ्यात करणार असशील तर चेंडू हवाबंद डब्यात, घरातल्या कोरड्या जागी ठेव. जिलेटिन दमट हवा ओढून घेतं. आपल्याकडच्या जुलैत उघडी पिशवी आठवडाभर राहिली की चेंडू फुगतात, मऊ होतात आणि नळीतच फुटतात. मग पहिला कागदच खोटं सांगेल.

तेव्हा आधी आसाचं भोक बदल, टाकी खाली घे, कोनसेट बसव. मग तीन कागदांचे फोटो पाठव, आणि हॉपर भरलेला असताना व रिकामा असताना टरेट कुठं तोलतो त्याचं आसापासूनचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिही. तेवढं हातात आलं की तुला नेमकी किती जोराची मोटार लागते ते मी आकड्यात सांगेन.